स्वतःच्याच पैशाच्या किल्लीचे भाडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेच्या एटीएम कार्डासारखा किरकोळ विषय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न इथे बसलेल्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. जमीन, पाणी, मजुरी, भाववाढ हे प्रश्न बाजूला ठेवून प्लॅस्टिकच्या एका तुकड्यावर वेळ घालवणे चळवळीच्या गांभीर्याला शोभत नाही, असेही वाटेल. परंतु रोजगार हमीची मजुरी, निराधार वृद्धेचे निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती, पीकविम्याची भरपाई आणि जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील स्त्रियांना देऊ केलेले दरमहा दीड हजार रुपये हे सारे ज्या वेळी बँकेच्या खात्यातूनच हाती पडू लागले, त्या वेळी त्या खात्याचे दार कोण उघडतो, किती वेळा उघडू देतो आणि उघडण्याचे काय घेतो, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाचाच भाग झाला. लढून वाढवून घेतलेल्या मजुरीतून दोनशे-अडीचशे रुपये कोणी न विचारता वळते करून घेत असेल, तर त्याची दखल घेणे हे कार्यकर्त्याचे कामच आहे.

प्रथम हिशेब पाहावा. स्टेट बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या साध्या डेबिट कार्डांचे वार्षिक देखभाल शुल्क १२५ रुपयांवरून २०० रुपयांवर नेले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला म्हणजे २३६ रुपये होतात. कार्ड हरवले वा मोडले आणि दुसरे मागितले, तर त्याच बँकेच्या त्या वेळच्या दरपत्रकात ३०० रुपये आणि वर कर, म्हणजे ३५४ रुपये. जून २०२५ मध्ये या बँकेने बचत खात्यावरील व्याजाचा दर अडीच टक्क्यांवर आणला. अडीच टक्क्यांनी २३६ रुपये व्याज मिळवायचे, तर खात्यात ९,४४० रुपये वर्षभर हात न लावता पडून राहिले पाहिजेत. ज्या मोलकरणीच्या खात्यात सरासरी दोन हजार रुपये असतात, तिला वर्षाचे व्याज मिळते ५० रुपये आणि कार्डापोटी जातात २३६. ज्याच्या खात्यात चार लाख आहेत, त्याला व्याज मिळते दहा हजार आणि कार्डापोटी जातात तेच २३६. उत्पन्न पाहून घेतला जातो तो कर आणि डोके मोजून घेतली जाते ती डोईपट्टी, हा फरक या वर्गात वेगळा सांगायला नको. स्टेट बँकेचे नाव इथे आले ते ती सर्वांत मोठी आणि तिचे दर सर्वांना पाहता येतात म्हणून. खाजगी बँकांची दरपत्रके सौम्य आहेत असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

यंत्रातून पैसे काढण्याचा हिशेबही असाच आहे. स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरांत तीन, अन्यत्र पाच व्यवहार मोफत, ही रचना नोव्हेंबर २०१४ पासूनची. त्यापुढील प्रत्येक व्यवहाराला कमाल २० रुपये आकारण्याची मुभा होती. ती १ जानेवारी २०२२ पासून २१ आणि १ मे २०२५ पासून २३ रुपये झाली. कर धरून २७ रुपये. दहा हजार काढणाऱ्याला ही रक्कम जाणवतही नाही. पाचशेच काढणाऱ्याला मात्र ती शेकडा पाचाहून अधिक पडते. शिवाय नुसती शिल्लक पाहणे हाही एक व्यवहारच मोजला जातो. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने यंत्राने नकार दिला, तर त्या नकाराचेही पैसे अनेक बँका घेतात. आधीच जो रिकामा आहे, त्याला रिकामा असल्याबद्दल दंड करणे ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या कुशाग्र बुद्धीला दाद दिली पाहिजे.

थेंबे थेंबे किती तळे साचते, याचा आकडा संसदेतच सांगितला गेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या वेळचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँका यांनी मिळून २०१८ पासून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे २१ हजार कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांबद्दल ८ हजार कोटींहून अधिक आणि नुसत्या एसएमएसपोटी ६ हजार कोटींहून अधिक रुपये खातेदारांकडून घेतले. यात किमान शिल्लक नसल्याचा दंड सर्वांत मोठा आहे, आणि किमान शिल्लक कोणाकडे नसते हे सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दीड हजारांचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा त्यांतूनच बँकांनी जुने दंड वळते करून घेतल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. अशी वजावट करू नये, असे शासनाला बँकांना बजावावे लागले.

हे यंत्र मुळात आले कशासाठी, तेही आठवावे. पैसे देणारे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफील्ड येथे एका बँकेने बसवले. त्याचा जनक म्हणून ओळखला जाणारा जॉन शेफर्ड-बॅरन हा गृहस्थ जन्मला होता शिलाँगला. पिन सहा आकडी ठेवण्याचा त्याचा विचार होता, परंतु पत्नीला चारच आकडे ध्यानात राहतात असे तिने सांगितल्यावर तो चार आकडी झाला, असे तो सांगत असे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला चार आकडेही जड जातात आणि मग ते कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवले जातात, हे त्या दांपत्याच्या विचारात येण्याचे कारण नव्हते. भारतात असे पहिले यंत्र १९८७ साली मुंबईत एका परदेशी बँकेने आणले. पुढे ते सर्वत्र पसरले ते खातेदाराच्या सोयीसाठी, असे सांगण्यात आले. सोय झाली हे खरेच आहे. परंतु खिडकीवरचे काम कमी झाल्याने बँकेचा खर्चही वाचला. शाखांतील माणसे घटली, रांगेतल्या माणसाला ‘लहान रक्कम यंत्रातून काढा’ म्हणून बाहेर पाठवण्यात येऊ लागले. एकदा तो यंत्रापुढे उभा राहण्याला सरावला, की यंत्राचे भाडे सुरू. दार बंद करून खिडकी दाखवायची आणि खिडकीला तिकीट लावायचे, असा हा क्रम आहे.

या दरांवर कोणाचे नियंत्रण आहे? पूर्वी बँकांच्या संघटनेमार्फत सेवाशुल्के ठरत. सप्टेंबर १९९९ पासून रिझर्व्ह बँकेने ती ठरवण्याचा अधिकार प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला दिला. शुल्क वाजवी असावे आणि सेवेच्या सरासरी खर्चाशी सुसंगत असावे, एवढीच अट राहिली. आता चिप बसवलेले कार्ड वर्षातून एकदा नव्हे, तर कित्येक वर्षांतून एकदा छापले जाते. मग दरवर्षी ‘देखभाल’ कशाची होते? कार्ड खातेदाराच्या खिशात असते आणि त्याची देखभाल तोच करतो. यंत्रणेचा, सुरक्षेचा, जाळ्याचा खर्च असतो असे बँका म्हणतात, आणि तो असतोच. परंतु अडीच टक्क्यांनी घेतलेली ठेव त्याच्या तिप्पट-चौपट दराने कर्जाऊ देणाऱ्या संस्थेला हा खर्च त्या फरकातून भागवता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. खर्च भागवण्याची गरज खरी असली, तरी तो कोणाकडून भागवायचा ही निवड असते, आणि निवड नेहमी त्याच दिशेला होते.

शुल्काहून मोठी आपत्ती मात्र कार्ड बदलण्याची आहे. शहरातील पगारदाराचे कार्ड बंद पडले, तर त्याचे दोन दिवस गैरसोयीत जातात. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे कार्ड बंद पडले, तर काय होते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळी गाव सोडते आणि पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्याच्या आवारात कोप्या घालून राहते. खाते मात्र गावाजवळच्या शाखेत असते. कार्डाची मुदत नेमकी गाळप हंगामात संपली, की नवे कार्ड नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने जाते. घराला कुलूप असते. पाकीट परत फिरते, काही काळ शाखेत वा मुख्यालयात पडून राहते आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जाते. कामगार यंत्रापुढे उभा राहतो तेव्हाच त्याला कळते, की हातातला तुकडा निकामी झाला आहे. नव्या कार्डासाठी अर्ज करायचा तर गावची शाखा गाठली पाहिजे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि मुकादमाची बोलणी. शाखेत गेल्यावर कळते, की केवायसीची कागदपत्रे जुनी झाली आहेत. ती दिल्यावर कार्ड मिळते, परंतु पिन तयार करायला खात्याशी जोडलेल्या मोबाइलवर सांकेतिक आकडा येतो, आणि तो मोबाइल क्रमांक रिचार्जविना कधीच बंद झालेला असतो. तीन महिने वापर झाला नाही तर क्रमांक बंद करून दुसऱ्याला देण्याची मुभा दूरसंचार कंपन्यांना आहे. तेव्हा पुन्हा अर्ज, पुन्हा खेप.

‘आता कार्ड कशाला लागते, मोबाइलवरून सगळे होते’ असे म्हणणाऱ्यांनी या साखळीतली पुढची कडी ध्यानात घ्यावी. यूपीआय ही सेवा २०१६ साली सुरू झाली, तेव्हा तिचा पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचेच शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागत असे. आधारवरून पिन ठरवण्याचा पर्याय पुढे आला, पण त्यालाही आधारशी आणि बँकेशी जोडलेला तोच क्रमांक हवा. ज्याचा क्रमांक तुटला, त्याची दोन्ही दारे एकदमच बंद होतात. मग उरतो बँकमित्र आणि त्याचे अंगठ्याचे यंत्र. ऊस तोडून वा विटा थापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा ते यंत्र कितीदा नाकारते, हे गावागावांतील कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहे.

याहून गंभीर बाब विम्याची आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली, तेव्हा खात्याबरोबर रुपे कार्ड आणि त्या कार्डावर एक लाखाचा अपघात विमा देऊ केला गेला. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी तो दोन लाखांचा झाला. मात्र त्याला एक अट आहे. अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डाने निदान एक यशस्वी व्यवहार झालेला असला पाहिजे. कार्ड पेटीत पडून असेल, पिन विसरलेला असेल, मुदत संपून नवे आले नसेल, तर विमाही थांबतो. ऑगस्ट २०२३ मध्ये जनधन खाती ५० कोटींवर गेली, तेव्हा दिलेली रुपे कार्डे सुमारे ३४ कोटी होती. म्हणजे १६ कोटी खात्यांना कार्डच नव्हते. उरलेल्यांपैकी ज्या घरातला माणूस विहिरीत पडून, ट्रॅक्टर उलटून वा विजेचा धक्का बसून गेला, त्या घराच्या दृष्टीने कार्ड वेळेवर बदलून न मिळण्याची किंमत ३५४ रुपये नसते, ती लाखात असते. आणि घरच्यांना अशा विम्याचा पत्ताच नसेल, तर तो मागायला कोणी बँकेच्या पायरीवर जातही नाही.

दोष बँकेच्या बाजूचा असला, तरी हेलपाटे खातेदारालाच पडतात, याचे उदाहरण ऑक्टोबर २०१६ चे आहे. एका खाजगी कंपनीच्या संगणक यंत्रणेत शिरकाव होऊन देशभरातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. स्टेट बँकेने सुमारे सहा लाख कार्डे बंद करून नवी दिली. कार्डांचे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. परंतु अनेकांना आपले कार्ड बंद झाल्याचे यंत्रापुढे उभे राहिल्यावरच समजले, आणि दोन-तीन आठवड्यांतच, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी झाली. ज्या दिवसांत कार्डाची सर्वाधिक गरज होती, त्याच दिवसांत कित्येकांच्या हाती ते नव्हते.

आता कायद्याची बाजू. ती वाटते तितकी दुबळी नाही. ती काउंटरवर कोणी सांगत नाही, एवढेच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार डेबिट कार्ड घेण्याची सक्ती खातेदारावर करता येत नाही आणि दुसरी कोणतीही सेवा देण्यासाठी कार्डाची अट घालता येत नाही. ज्याला कार्ड नको, त्याने लेखी अर्ज देऊन ते बंद करावे आणि वार्षिक शुल्कातून सुटावे. दुसरे असे, की ‘मूलभूत बचत ठेव खाते’ नावाचा एक प्रकार ऑगस्ट २०१२ पासून प्रत्येक बँकेला ठेवावा लागतो. त्यात किमान शिल्लकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत आहे आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत आहे. साधे बचत खाते लेखी विनंतीवरून या प्रकारात बदलून घेता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

या मूलभूत खात्यांच्या बाबतीतही काय घडले, ते मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आशिष दास यांनी आकडेवारीनिशी उजेडात आणले. स्टेट बँक चारपेक्षा अधिक झालेल्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे आकारत होती. त्यात मोबाइलवरून केलेले व्यवहारही होते. सरकार एकीकडे गरिबाला ‘डिजिटल व्हा’ म्हणून सांगत होते आणि त्याने तसे केले की सरकारी बँक त्याच्या खात्यातून पावणेअठरा रुपये उचलत होती. २०१५ ते २०२० या काळात अशी ३०० कोटींहून अधिक रक्कम जमा झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० पासूनची डिजिटल व्यवहारांवरील अशी आकारणी परत करण्यास बँकांना बजावले होते. एक प्राध्यापक चिकाटीने कागद तपासत बसला म्हणून हे बाहेर आले. ज्यांच्या खात्यांतून पैसे गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते गेल्याचेही ठाऊक नव्हते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मूठभर उद्योगसमूहांच्या हातातली ठेव शेतकऱ्याच्या, कारागिराच्या कामी यावी, ही त्यामागील भूमिका होती. शाखा खेड्यांत गेल्या, हे त्या निर्णयाचे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु मालकी सरकारची असली की वागणूक आपोआप लोकांची होते, हा भ्रम या दरपत्रकांनी दूर केला आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. खिडकीमागे बसलेला कारकून हा या प्रकरणातला प्रतिपक्ष नाही. तीन माणसांचे काम एकटा करणाऱ्या त्या माणसाने शुल्क ठरवलेले नसते. ते ठरते मुख्यालयात. त्याच्याशी हुज्जत घालून खातेदाराचे काम बिघडते आणि मुख्यालयाला त्याची झळही लागत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मात्र आपल्या वेतनाच्या मागण्यांच्या शेजारी या प्रश्नालाही जागा द्यावी, अशी अपेक्षा गैरवाजवी नाही.

तक्रार करताना तारखा पाळणे महत्त्वाचे आहे. यंत्रातून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे, आणि ती भरपाई मागितल्याशिवाय द्यावयाची आहे. त्रयस्थाने कार्डाचा गैरवापर केला आणि चूक ना खातेदाराची ना बँकेची, तर सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याला काहीही तोटा सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर मूलभूत खात्यावर कमाल ५ हजारांपर्यंतच भार पडतो. दोष खातेदाराचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. हे जुलै २०१७ पासून लेखी आहे. पिन स्वतः कोणाला सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. कार्ड हरवल्यावर पोलीस ठाण्याच्या आधी बँकेला कळवावे ते याचसाठी. तक्रार तोंडी करू नये. तिचा क्रमांक वा पोचशिक्का घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, पोस्टाने साधा अर्जही चालतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यातील साथींनी निदान एवढे काम यंदापासून हाती घ्यावे. टोळ्या गाव सोडण्याच्या महिनाभर आधी वस्तीवर बसून प्रत्येकाचे कार्ड हातात घेऊन मुदतीचा महिना पाहावा, मोबाइल क्रमांक चालू आहे का ते पाहावे, पासबुकात एंट्री भरून घेऊन कोणते शुल्क कापले गेले त्यावर खूण करावी, आणि ज्यांचे खाते मूलभूत प्रकारात बदलण्यासारखे आहे त्यांचे अर्ज एकाच दिवशी शाखेत नेऊन पोच घ्यावी. रुपे कार्ड असेल, तर जवळच्या यंत्रावर त्याच आठवड्यात एकदा शिल्लक पाहून यावे. कोप्यांवर गेल्यावर पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा एकदा पाहावी, आणि ते कशासाठी हे घरातल्या बाईला नीट समजावून सांगावे.